सुरतेहून आलेले लवजी

स्मरणिकेसाठी लेख मागणारा निरोप ग्रुपवर आला तेव्हा मी आधी गप्प बसले होते. शाळेच्या आठवणी लिहिणारे आपल्या बॅचमध्ये पुष्कळ आहेत आणि ते माझ्यापेक्षा चांगलं लिहितात. मग सातवीतली एक वही आठवली. इतिहासाच्या बाईंनी ‘आपला परिसर’ या विषयावर चार पानं लिहून आणायला सांगितली होती. आपली शाळा डॉकयार्ड रोड स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर, माझे वडील नेव्हल डॉकयार्डात फिटर, त्यामुळे मी अर्थातच गोदीवर लिहिलं. त्यात एक वाक्य होतं, की मुंबईची गोदी इंग्रजांनी बांधली. बाईंनी त्याखाली लाल रेघ ओढून समासात विचारलं होतं की इंग्रजांपैकी नेमकं कोणी. मला नाव सांगता आलं नाही. दहापैकी सहा मार्क मिळाले.

त्या प्रश्नाचं उत्तर आज तीसेक वर्षं उशिरा देते आहे. बांधणाऱ्याचं नाव लवजी नसरवानजी वाडिया. ते इंग्रज नव्हते, मुंबईचेही नव्हते.

गेली दोन वर्षं शनिवारी वेळ मिळेल तसा एशियाटिकच्या पायऱ्या चढून जायचं, मुंबई शहराच्या गॅझेटियरचे खंड उघडायचे, रुतनजी अर्देशिर वाडियांनी १९५५ साली आपल्या घराण्यातल्या जहाजबांधणी करणाऱ्यांवर लिहिलेलं जाडजूड पुस्तक चाळायचं, असा उद्योग चालू आहे. मी कॉम्प्युटर शिकलेली बाई, इतिहासाची नाही. पण दुसऱ्याने लिहिलेला जुना कोड वाचून तो असा का लिहिला गेला हे शोधणं हाच माझा वीस वर्षांचा धंदा आहे. जुने कागद वाचणं त्याहून फार वेगळं नाही.

लवजींचा जन्म १७०२ च्या सुमाराचा, सुरतजवळच्या सिंगणपोरचा. वाडिया हे आडनाव मुळात धंद्याचं, म्हणजे जहाजं बांधणारे. तेव्हाची सुरत म्हणजे मुघल साम्राज्याचं मोठं बंदर. मक्केला जाणारे यात्रेकरू तिथून निघत, इंग्रज, डच, फ्रेंच सगळ्यांच्या वखारी तिथे होत्या आणि तापीच्या काठावर जहाजं बांधणाऱ्या पारशी सुतारांची घराणीच्या घराणी नांदत होती. त्यांचं काम जगात नावाजलेलं होतं. फळ्यांच्या कडांना खाच पाडून एक फळी दुसरीत अशी बसवत की सांधा बोटाला लागू नये. मग फटींत कापूस आणि राळ ठासून भरत. लाकूड सागवानी. आपल्याकडे लग्नाच्या बोलण्यांत सागवानी कपाटाला मान असतो तो दिसण्यासाठी, पण जहाजात त्याचं कारण वेगळं आहे. युरोपातल्या ओकच्या लाकडात एक आम्ल असतं, त्याने लोखंडी खिळे गंजतात. सागात तेल असतं, ते खिळ्याला जपतं. ओकची जहाजं सडून मोडीत निघत त्या वयात सागाची जहाजं धडधाकट असायची.

इंग्रजांच्या कंपनीला मुंबई बेट १६६८ सालीच मिळालेलं होतं, वर्षाला दहा पौंड भाड्याने. पण जहाजं बांधून घ्यायला मात्र सुरतेला जावं लागे. १७३५ साली कंपनीने डडली नावाच्या आपल्या माणसाला तिथे पाठवलं. धनजीभाई नावाच्या पारशी जहाज-ठेकेदाराकडे ‘क्वीन’ नावाचं जहाज बांधायला दिलेलं होतं. त्या कामावर मुकादम होते लवजी, वय तिशीच्या पुढे. डडलीने त्यांचं काम पाहिलं आणि मुंबईला चला म्हणून मागे लागला. आमच्या धंद्यात हे रोज चालतं. ठेका दिलेल्या कंपनीकडचा चांगला माणूस हेरायचा आणि हळूच आपल्याकडे ओढायचा. लवजींचं उत्तर मात्र आमच्या धंद्यात क्वचित ऐकू येतं. मालकाने परवानगी दिल्याशिवाय आणि हातातलं जहाज पुरं झाल्याशिवाय येणार नाही, असं त्यांनी सांगितलं अशी कथा आहे. म्हणजे नोटीस पिरियड पुरा केला म्हणायचा. ‘क्वीन’ पाण्यात उतरलं, धनजीभाईंनी होकार दिला आणि १७३६ साली लवजी दहा सुतार बरोबर घेऊन मुंबईला आले.

या दहा सुतारांपाशी मी बराच वेळ अडकले होते. सुतार जहाजं बांधतील, पण त्यांना रोज लाकूड लागणार, दोर लागणार, लोहार लागणार, जेवायखायची आणि राहायची सोय लागणार. एका मुकादमाच्या येण्याने बंदराच्या काठावर एक पूर्ण वस्ती येते. आल्यावर लवजींच्या वाट्याला पहिल्यांदा लाकडाचाच प्रश्न आला. कंपनीने त्यांना परत उत्तरेकडे पाठवलं, लाकडाच्या पुरवठ्याची बोलणी करायला. येताना ते बायकामुलांना घेऊन आले. माझ्या मते मुंबईत राहायचं त्यांनी खरं ठरवलं ते तेव्हा. पगार घ्यायला एकटं येणं वेगळं आणि चूल हलवणं वेगळं, हे आपल्या बॅचमध्ये परदेशी गेलेल्यांना सांगायला नको.

आता गोदीकडे येते. लवजी आले तेव्हा मुंबईत जहाजांचं आवार होतं, पण सुकी गोदी नव्हती. जहाजाचा तळ दुरुस्त करायचा तर ते भरतीच्या पाण्याने किनाऱ्याला लावायचं, ओहोटी लागली की एका कुशीवर कलंडवायचं, वर दिसणारी बाजू खरवडून, डांबरून घ्यायची आणि भरती यायच्या आत आटपायचं. मग दुसऱ्या कुशीवर. जड जहाजाच्या सांध्यांवर त्याचा केवढा ताण येत असेल याचा विचार करा. आणि उष्ण समुद्रात लाकूड पोखरणारे किडे इतके, की तळाकडे लक्ष दिलं नाही तर काही वर्षांत चाळण होते.

१७५० साली लवजी आणि त्यांचे भाऊ सोराबजी यांनी कोटाच्या आवारात किनाऱ्यालगत पहिली सुकी गोदी बांधली. आशियातली पहिली म्हणून तिचं नाव घेतात. तिचं चालणं इतकं साधं आहे की मी मुलीला आंघोळीच्या बादलीत दाखवलं. मुंबई बंदरात अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला भरती आणि ओहोटी यांच्या पाण्यात चार-साडेचार मीटरचा फरक पडतो. समुद्राच्या काठाला लांबट खोल हौद खणायचा, त्याच्या तोंडाला दरवाजे लावायचे. भरतीला जहाज तरंगत आत येतं. ओहोटीला पाणी आपोआप उतरतं, तेवढ्यात दरवाजे लावून घ्यायचे, उरलेलं पाणी उपसून टाकायचं. जहाज टेकूंवर सरळ उभं राहतं आणि माणूस त्याच्या तळाखाली कोरड्या पायाने हिंडू शकतो. पाणी उपसायला लागणारी बरीचशी ताकद चंद्राकडून फुकट मिळते. सुरतेला नदीमुखात गाळ साचत होता. मुंबईला खोल पाणी, भरपूर भरती-ओहोटी आणि खाली खडक. सुरतेच्या माणसाला हे पाहून काय वाटलं असेल!

१७६२ आणि १७६५ साली त्याच ओळीत आणखी दोन गोद्या जोडल्या गेल्या. या दोन सालांच्या मधे, १७६३ च्या सप्टेंबरात, कार्स्टन नीबूर मुंबईत आला. डेन्मार्कच्या राजाने अरबस्तानाच्या शोधाला पाठवलेल्या मोहिमेतले बाकी सगळे आजाराने मेले, हा एकटा उरला. त्याने मुंबईतल्या पाहण्यासारख्या गोष्टींत खडकात कोरलेली ही गोदी वरच्या क्रमांकावर घातली आहे. दोन जहाजं एकदम मावतात, तिसऱ्याची तयारी चालू आहे आणि परक्या जहाजांकडून कंपनीला चांगलं भाडं मिळतं, अशी त्याची नोंद. मी तारखा जुळवून पाहिल्या आणि दोन वेगळ्या पुस्तकांतले दुवे एकमेकांत बसले तेव्हा लायब्ररीत मोठ्याने हसले. शेजारचे आजोबा रागावले.

पुढची गोष्ट गाळावी असं मला दोन आठवडे वाटत होतं.

माझं आजोळ विजयदुर्गच्या बाजूचं. आजी आंगऱ्यांच्या आरमाराच्या गोष्टी सांगायची, त्यांच्या गलबतांना पाहून इंग्रज कसे बंदरातून बाहेर पडायला घाबरत ते सांगायची, आणि त्या गोष्टी निव्वळ बढाईच्या नव्हत्या. कान्होजी १७२९ साली वारले तरी त्यांच्या मुलांनी कंपनीच्या व्यापाराला धाक दिलाच होता. कंपनीने सुरतेचा सर्वोत्तम मुकादम मुंबईला आणला त्यामागे हे मोठं कारण होतं. सशस्त्र जहाजं हवी होती, आणि ती दुरुस्त करायला दुसऱ्याच्या बंदरात जायला नको होतं. १७५५ साली सुवर्णदुर्ग पडला. त्या वर्षाच्या शेवटी अ‍ॅडमिरल वॉटसनचा आरमारी काफिला मुंबईत आला, इथेच त्याची डागडुजी झाली, रसद भरली गेली, आणि १७५६ च्या फेब्रुवारीत वॉटसन आणि क्लाइव्ह विजयदुर्गावर गेले. तुळाजी आंगऱ्यांचं आरमार खाडीतच जळालं. पेशवे त्या मोहिमेत इंग्रजांच्या बाजूला होते, हेही लिहायला हवं. आजी ते कधी सांगायची नाही, कदाचित तिलाही कुणी सांगितलं नसेल.

लवजींनी तोफ डागली नाही. पण ज्या बंदरातून ती जहाजं सज्ज होऊन निघाली तिथलं सगळं काम त्यांच्या हाताखाली चालत होतं. आणि त्याच भिंतीआडच्या नोकरीवर माझ्या वडिलांनी आम्हा तिघा भावंडांना शिकवलं. ही दोन वाक्यं शेजारी शेजारी ठेवून मी पुष्कळ विचार केला. लवजींना दोष द्यावा असं मला वाटत नाही. सुरतेचा पारशी सुतार आंगऱ्यांकडे कुठल्या नजरेने पाहत असेल? सुरतेच्या जहाजांनाही त्यांचा धाक होताच. तो काळ आपल्या शाळेच्या पुस्तकातल्या आपण-आणि-ते अशा दोन रकान्यांत बसत नाही. तरीही आजीच्या गोष्टीतलं ते जळणारं आरमार माझ्या डोळ्यांपुढून जात नाही, आणि ते जाऊ नये असंच मला वाटतं.

लवजींच्या उतारवयातली एक नोंद मला त्यांच्या गोदीहून जास्त आवडते. १७७१ साली त्यांनी दोन नातवांना कामावर घेतलं, फ्रामजी माणेकजी आणि जमशेदजी बमनजी. आजोबा अख्ख्या आवाराचे मुख्य, बाप आणि काका त्याच कामात मुरलेले. पण नातवांना लावलं साध्या सुतारांच्या रांगेत, महिना १२ रुपयांवर. करवत, रंधा, पटाशी, सगळं खालपासून. माझे वडील निवृत्तीच्या आधी दोन वर्षं नव्या मुलांना कानस धरायला शिकवत होते. त्यांचं म्हणणं असायचं की इंजिनिअर मुलांना ड्रॉइंग वाचता येतं पण धातूचा आवाज ऐकू येत नाही. मी इंजिनिअरिंगला गेले तेव्हा हे बोलणं मला टोमण्यासारखं लागलं होतं. १२ रुपयांची नोंद त्यांना वाचून दाखवली तेव्हा ते नुसते मान हलवत राहिले.

त्या १२ रुपयांच्या सुतारांपैकी जमशेदजी पुढे काय झाले ते जगजाहीर आहे. १८१० साली त्यांनी मुंबईत ‘मिंडेन’ बांधलं, ब्रिटिश आरमारासाठी ब्रिटनच्या बाहेर बांधलेली ती पहिली मोठी युद्धनौका. १८१३ साली ‘कॉर्नवॉलिस’, जिच्यावर १८४२ मध्ये चीनबरोबरचा नानकिंगचा तह झाला. अफूच्या युद्धाचा तो शेवट, त्याचाही अभिमान बाळगताना जरा थांबावं लागतं. आणि १८१७ साली ‘त्रिंकोमाली’. जमशेदजींबद्दल एक दंतकथा आहे, की आपल्या जहाजाच्या पोटात, कोणाला सहज दिसणार नाही अशा तुळईवर त्यांनी कोरून ठेवलं होतं की हे जहाज एका काळ्या माणसाने बांधलं आहे, आणि काळ्याच्या आधी साहेबांच्या तोंडची शिवीही घातली होती. खरी असो वा नसो, बाईंनी समासात विचारलेला प्रश्न त्यांनाही पडला होता असं दिसतं.

लवजी १७७४ साली वारले. जवळपास चार दशकं कंपनीच्या जहाजांचं काम पाहून त्यांनी मागे ठेवलं ते एक घर आणि २० हजारांच्या आत रुपये, असं गॅझेटियरवाले लिहितात. त्या काळी कंपनीचे साहेब पाच-दहा वर्षांत याच्या कितीतरी पट घेऊन मायदेशी जात. लवजींनंतर मुलगे माणेकजी आणि बमनजी, त्यांच्यानंतर तेच दोघे नातू, असं करत हे पद १८८० च्या दशकापर्यंत याच घराण्यात राहिलं. लाकडाची जहाजं संपली, वाफेची आली, लोखंडाची आली, तरी.

आणि हो, आपल्या माझगावचं राहिलंच. लहानपणी आपण सगळ्यांना एकच गोदी समजायचो. कुणाचे बाबा माझगाव डॉकमध्ये, कुणाचे पोर्ट ट्रस्टमध्ये, माझे नेव्हीत, पण घरी सगळेच गोदीत जायचे आणि गोदीतून यायचे. एकतीस डिसेंबरच्या रात्री बारा वाजता बंदरातली सगळी जहाजं एकदम भोंगे वाजवायची तेव्हाही कुठला भोंगा कुठल्या गोदीचा हे कोण विचारणार! पण त्या वेगवेगळ्या आहेत. लवजींची गोदी कोटातली, आजच्या नेव्हल डॉकयार्डातली. माझगावची छोटी गोदी बांधली गेली १७७४ साली, म्हणजे लवजी गेले त्याच वर्षी, आणि माझगाव डॉक आपला इतिहास तिथूनच मोजतं. लवजींच्याच घराण्यातले अर्देशिर करसेटजी १८३४ मध्ये माझगावच्या आपल्या बंगल्यात आणि बागेत गॅसचे दिवे लावून बसले होते, मुंबईच्या रस्त्यांवर गॅस यायच्या कितीतरी आधी. वाफेच्या इंजिनांच्या वेडापायी ते पुढे लंडनच्या रॉयल सोसायटीचे फेलो झाले, १८४१ साली, तो मान मिळवणारे पहिले भारतीय. आपण ज्या गल्ल्यांतून दप्तरं घेऊन जायचो त्यांच्या आसपास कुठेतरी तो बंगला असणार. भौतिकशास्त्राच्या सरांना ही गोष्ट माहीत असती तर त्यांनी आख्खा तास यावर घालवला असता. सर हे वाचत असतील तर त्यांनी कबूल करावं.

वाडियांचं नाव तसं आपण सगळ्यांनी आयुष्यभर घेतलंच आहे. परळच्या वाडिया हॉस्पिटलात आपल्यातल्या निम्म्यांचा जन्म, पुण्याला गेलेल्यांचं वाडिया कॉलेज, आणि बॉम्बे डाइंगच्या चादरी कुणाच्या घरी नव्हत्या? हे सगळं त्या एकाच घराण्यातल्या माणसांचं. पण लवजींचं नाव मला शाळेत कुणी सांगितलं नव्हतं, आणि घरात रोज गोदीची भाषा चालत असून वडिलांनीही नाही. त्यांना वाडिया माहीत होते, ते गेटाच्या आत लावलेल्या तसबिरींमुळे.

‘त्रिंकोमाली’ अजून आहे. इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर हार्टलपूल गावी पाण्यात तरंगते आहे, तरंगत असलेली सर्वात जुनी ब्रिटिश युद्धनौका म्हणून तिकीट लावून दाखवतात. मागच्या वर्षी कामासाठी त्या देशात गेले होते तेव्हा एक रविवार काढून गाडीने तिथे जाऊन आले. खालच्या मजल्यावर वाकून चालावं लागतं. मी एका सागाच्या तुळईवर हात ठेवला आणि वडिलांना व्हिडिओ कॉल लावला. त्यांनी मला कॅमेरा सांध्यापाशी न्यायला सांगितला, जवळ, अजून जवळ, आणि मग बराच वेळ काही बोललेच नाहीत. नंतर विचारलं, फळ्यांत कापूसच आहे की आता दुसरं काही भरतात.

स्नेहसंमेलनाच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी साडेसातला, ज्यांना यायचं असेल त्यांनी लायन गेटसमोर जमावं. आत सोडणार नाहीत, पास लागतो. पण भिंतीच्या बाहेरून टाउन हॉलपर्यंत चालता येतं आणि रस्त्यात एका ठिकाणी डोलकाठ्यांची टोकं दिसतात. वडीलही येणार आहेत. त्यांच्या गुडघ्यांमुळे सावकाश चालावं लागेल.